लांबीभर सोडलेला वायू

गेल्या खंडेनवमीला सकाळी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये चिनीमातीची नळी तडकली. शेड माझ्या साडूंची. आवाज टिचकीएवढाच झाला.

उष्णतेची एवढी धास्ती घेतलेला आणि तिच्यावरच आयुष्य लावलेला दुसरा माणूस सांगली-मिरजेत नसावा. डिस्टिलरीच्या धुराड्यातून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन भेटवून त्यातून चुलीचा गॅस करायचा, हा त्यांचा उद्योग. हे दोन वायू एकदम भेटले की एकाच जागी भडका होतो आणि त्यांना जुळवणारा उत्प्रेरक भाजून निकामी होतो. म्हणून साडूंनी सच्छिद्र नळी घडवून आणली. एक वायू तिच्या अंगातून घाम फुटावा तसा झिरपतो, दुसऱ्याला थोडा थोडा भेटतो, आणि उष्णता नळीच्या लांबीभर वाटली जाते. अशी नळी एकच होती. दसऱ्यानंतर डिस्टिलरीची माणसं ती चालताना बघायला येणार होती, आणि त्यांच्या होकारावर शेडचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

हा नियम साडूंनी नळीपुरता ठेवला नव्हता. भातावर आमटी ते कडेकडेनं सोडत. आष्ट्याला पुतण्याच्या लग्नात दोन भावकींचं बांधावरून जुनं वैर होतं, तर हे कार्यालयाच्या दारात उभे राहून चार इकडचे, चार तिकडचे असे पाहुणे आत सोडत होते. "पावणं, एका टोकाला समदी सोडली की तितंच पेटतंय. लांबीभर सोडायची," ते मला म्हणाले. भांडण झालं नाही. निम्म्या वऱ्हाडाला अक्षता मात्र रस्त्यावर टाकाव्या लागल्या. घरात बातमीसुद्धा ते अशीच देत. मुलीला पुण्यात नोकरी लागल्याचं अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेजारणीकडून कळलं. साडू तेव्हा अर्ज केल्यापर्यंतच पोचले होते.

खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पुजतात. साडूंनी नळी तापवणारी भट्टी चालू ठेवली होती, कारण गार करून पुन्हा तापवण्यात नळीला धोका. वायू मात्र सोडलेला नव्हता. अक्का शेडमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. नळी नाजूक आहे, एवढं साडूंनी वाटेत सांगितलं. उरलेलं ते पूजेनंतर सांगणार होते. अक्कांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि भट्टीबाहेर आलेल्या नळीच्या टोकावर रीतीप्रमाणे पाणी शिंपडलं.

"आवं, काय वाजलं?"

"नळी गेली."

"दुसरी हाय न्हवं?"

"न्हाई."

"गरम हाय म्हणून आदी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगणारच हुतो," साडू म्हणाले. "टप्प्याटप्प्यानं."

झेंडूची माळ तिथेच ठेवून अक्का बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभ्या राहिल्या.

डिस्टिलरीची माणसं आली, चहा घेतला, चालू झालं की कळवा म्हणाली. संक्रांतीनंतर नवी नळी आली. अक्का आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, असं साडूंनी ठरवलं आहे. "माज्या हातानं गेली म्हणून पुन्यांदा तितं पाय ठेवायचा न्हाई," असं अक्कांनी ठरवलं आहे. साडूंच्या सांगण्यावरून मी अक्कांशी बोलून पाहिलं. त्यांनी मला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

नळी बसवलेली आहे. भट्टी अजून पेटलेली नाही.