माझा कान आणि अकरा टरबुजं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच तोंड उघडतो. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण ज्याबद्दल चारचौघांत माझी पाठ थोपटली गेली, असा गाढवपणा हा एकच!

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. आमचं घर मेहरूणला. धाकट्या बहिणीला, यमूला, बघायला दोंडाईच्याची मंडळी येणार होती. याआधी दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती, त्यामुळे घरात कोणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हतं. येणार होते मुलाचे वडील, नाना, आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. नानांनी आधीच निरोप धाडला, "जेवणाचा थाट नको. गिरणेच्या वाळूतलं टरबूज तेवढं खाऊ घाला."

मी उलट निरोप धाडला, "टरबूज खाता की साखर, ते तुम्हाला ओळखू येणार नाही!"

तर मंडळी, टरबुजावर टिचकी मारून आतला रंग सांगणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या खान्देशात नव्हता. हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. मला ते आपोआप माहीत होतं!

गिरणेच्या पात्रात सुकदेव आबांची टरबुजांची वाडी होती. तिथे मी वेलावेलाशी बसत, टरबुजाला कान लावत, टिचक्या मारत हिंडलो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वैद्यबुवा नाड्या बघताहेत! अकरा टरबुजं निवडली. आबांनी ती बघितली आणि डोकं खाजवलं.

"भाऊ, हाई बठ्ठं कच्चं शे. आठ दिन थांबा."

"सगळं कच्चं? आबा, तुम्ही वेल लावा. आवाज मला ऐकू द्या."

आबांनी पैसे मोजून घेतले. शहाणा माणूस!

ठरल्या दिवशी पाहुणे सकाळच्या गाडीनं आले, टांग्यातून उतरले, आणि नाना विहिरीवर हातपाय धुवायला गेले. मी स्वयंपाकघरात ऐटीत मांडी ठोकून पहिलं टरबूज कापलं.

आत काय? धुतलेलं धोतर!

दुसरं कापलं. चुना! तिसऱ्यात जरा लाली दिसली म्हणून मी हरखलो, तर ते माझं बोट कापलं होतं. एकेक करत अकराच्या अकरा कापली. अकराही पांढरीफटक!

"टिचकी मारून आणलीत ना?" बायकोनं विचारलं. इतक्या गोड आवाजात ती लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होती.

यमूच्या डोळ्यांत पाणी. "दादा, हेही स्थळ गेलं आता!"

ते शब्द मात्र मला लागले. बाजार लांब, पाहुणे ओट्यावर. काय करता? मी कोट खुंटीला अडकवला आणि म्हणालो, "हे मुळात भोपळ्याचंच भावंड ना? मग त्याला भोपळ्यासारखंच वागवा!"

बायको साली काढायला बसली, यमू किसायला. मी? मी हुकूम सोडत होतो. जाड फोडींचा काळ्या मसाल्यातला झणझणीत रस्सा झाला. किसात ज्वारीचं पीठ आणि हिरवी मिरची घालून थालीपिठं लागली. थोडा कीस दह्यात आणि शेंगदाण्याच्या कुटात गेला, त्याची कोशिंबीर. उरलेला दुधात शिजला, वर गूळ आणि वेलदोडा. खिरीच्या वासानं मांजरसुद्धा दारात येऊन बसलं.

पंगत बसली. नाना रश्शाचा भुरका मारत म्हणाले, "भाऊ, जेवण झकास! पण टरबूज कधी आणता?"

"नाना, तुम्ही तेच तर खाताय."

नानांचा घास हातातच राहिला. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या. आणि माझं तोंड, जे मला कधीही विचारून बोलत नाही, ते सुटलं!

"आमच्या घराण्याची रीत आहे, नाना. पणजोबांपासूनची! पाहुण्याला टरबूज शिजवून घालायचं. पिकलेलं कापून दिलं तर काय, बकरीसुद्धा खाते. पण नेमकं कच्चं ओळखून आणायला कान लागतो!"

"सगळी कच्चीच निघाली? एकही चुकलं नाही?"

"अकरात एकही नाही!"

रीत सांगायला लागल्यापासून मी खरं बोललो ते एवढंच.

तोवर आत बायकांत जेवायला बसलेल्या अक्कांचा आवाज आला, "पोरीला येतं का हे सगळं?"

"यमूला? असे बावीस प्रकार येतात!"

आत यमूच्या हातातून पळी पडली. पण नाना तिसऱ्यांदा खीर मागत होते, आणि तिसऱ्यांदा खीर मागणारा माणूस नकार देतो असं कोणी ऐकलंय? हात धुतल्याबरोबर सुपारी फुटली! जाताना नाना म्हणाले, "फक्त एक करा. लग्नात आमच्या वऱ्हाडाला हेच जेवण पाहिजे."

झालं! तीन आठवड्यांनी मी पुन्हा वाडीत. या खेपेला हवी होती कच्ची. आबा म्हणाले, "भाऊ, आते बठ्ठं पिकी गयं." मी कशाला ऐकतो? टिचक्या मारमारून, पारखून, दोन गाड्या भरून टरबुजं आणली.

लग्नाच्या सकाळी आचाऱ्यानं पहिलं कापलं. लालभडक! दुसरं त्याहून लाल. दोन गाड्यांत एक पांढरी फोड मिळेना! आता रस्सा कशाचा करायचा? मी घामानं इतका भिजलो की नवरदेवाच्या आधी माझीच आंघोळ झाली. शेवटी आचाऱ्यानं वांग्याची भाजी टाकली, आणि मी लाल फोडी पानावर वाढायला लावल्या. मान खाली घालून नानांसमोर उभा राहिलो.

नानांनी फोड बघितली. माझ्याकडे बघितलं. आणि भर पंगतीत उठून उभे राहिले.

"बघा रे! आलो तेव्हा पाहुणे होतो, तर कच्चं शिजवून घातलं. आज सोयरे झालो, तर पिकलेलं! भाऊ, काय तुमच्या घराण्याची रीत, आणि काय तुमचा कान!"

मंडपभर वाहवा! नानांनी मला मिठी मारली. वऱ्हाड टरबुजांवर असं तुटून पडलं की मागे साली राहिल्या त्या केवळ लाजेखातर! दोंडाईच्यात आता दोन-चार घरांतून ही आमची पुरातन रीत पाळतात म्हणे.

वऱ्हाड गेल्यावर बायको जवळ आली. मला वाटलं, आता ही तरी दोन शब्द कौतुकाचे बोलेल.

"अहो, उद्यापासून बाजारात माझ्यासोबत येत जा. तुमच्या कानाशिवाय मी टरबूज घेणार नाही."

माझी छाती फुगली. "पटलं ना शेवटी?"

"पटलं तर! तुम्ही टिचकी मारून पसंत केलंत की ते बाजूला ठेवायचं, आणि शेजारचं उचलायचं."

तेव्हापासून मी इमानेइतबारे जातो, टिचक्या मारतो. आणि खोटं नाही सांगत, आजपर्यंत आमच्या घरात एकही टरबूज कच्चं निघालेलं नाही!