मागाच्या खड्ड्यातली ऊब

समोर जनावर आलं की ते आधी त्याचा कान दोन बोटांत धरायचे. गाय असो, शेळी असो, कुणाचं मांजर असो. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि निकाल द्यायचे, "गार हाय की हो. रात्री कुटं बांधलं व्हतं?" धनी गोंधळून जायचा. मी लग्न होऊन भवानी पेठेत आले त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी आमच्या मांजराचा कान धरून मला विचारलं होतं, "वैनी, तुमी गोधडी घेता की न्हाई? मग ह्येला?" मला हसू आवरेना. नवी नवरी म्हणून पदर तोंडाशी धरला, एवढंच.

ते आमच्या शेजारचे विणकर. घरातली बोली तेलुगू, आमच्याशी मराठी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक माग आणि एक म्हातारी कुत्री. कुत्रीला ते 'तल्ली' म्हणत. त्यांच्या भाषेत तल्ली म्हणजे आई. डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नसे, पण त्यांच्या पावलांचा आवाज ती पेठेच्या टोकापासून ओळखायची.

सोलापूरच्या उन्हाळ्याची कीर्ती सगळीकडे आहे, थंडीबद्दल कुणी बोलत नाही. पण पौषात पहाटे जो कोरडा गारठा सुटतो, तो ज्याने सोसलाय त्यालाच ठाऊक. त्या दिवसांत ह्या गृहस्थांची पेठेत फेरी असायची. पोपटाचा पिंजरा भिंतीला टेकलेला दिसला की, "भिंत गार पडती, पुढं घ्या." कोंबड्यांच्या खुराड्याला फट दिसली की चिंध्या कोंबायचे. एकदा बिघडलेल्या चादरीची झूल शिवून त्यांनी कोपऱ्यावरच्या शेळीला घातली. काठावर मोर होते. ती शेळी सकाळभर पेठेतून नव्या सुनेसारखी मिरवली आणि संध्याकाळपर्यंत मोरांसकट झूल खाऊन बसली. लोक त्यांना चिडवायला लागले तर म्हणाले, "खाऊ द्या की. पोटात बी ऊबच झाली."

त्यांचा माग खड्ड्यावरचा होता. ज्यांनी तसा माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडतो. तिथे लाकडी पावड्या असतात, त्या आळीपाळीने दाबायच्या आणि वर हाताने धोटा, म्हणजे आडव्या सुताची नळी, फेकायचा. थंडीत त्या खड्ड्यात छान ऊब असते. तल्लीची जागा तिथेच, त्यांच्या पायांशी, विणून उरलेल्या सुतांच्या गादीवर. तिला धक्का लागू नये म्हणून ते पाय आखडून पावड्या मारत. त्यामुळे त्यांचं काम इतरांपेक्षा हळू व्हायचं. कुणी म्हटलं, की हसून सांगायचे, "घर तिचं हाय. मी नुसता विणायला येतो."

आणि मग एका वर्षी पेठेत उंदीर मरून पडायला लागले.

प्लेगचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. घरांना कुलपं लागली. गाडग्या-मडक्यांसकट आम्ही सगळे अक्कलकोटच्या वाटेवरच्या माळावर गेलो. कडब्याच्या आणि तट्ट्यांच्या झोपड्या. वारा आडवा-तिडवा घुसायचा. माळावर जी थंडी पडायची, तिच्यापुढे पेठेतली थंडी म्हणजे काहीच नव्हे. आमच्या शेजारीच त्यांनी झोपडी घातली आणि तल्लीला खांद्यावर टाकून आणलं.

पण तल्ली तिथे राहीना. दिवसभर कापत बसायची, भाकरीला तोंड लावत नसे. आणि जरा डोळा चुकला की वास घेत घेत पेठेकडे निघायची. ते मागे धावायचे, उचलून परत आणायचे. शेवटी त्यांनी कुदळ मागून आणली आणि झोपडीत खड्डा खणायला घेतला. आधी कुणाला कळेना. खणून झाल्यावर कळलं, तो मागाच्या मापाचा खड्डा होता. माग नव्हताच. त्यांनी आत सुतं अंथरली, काठावर बसले, पाय खाली सोडले आणि त्यांच्या भाषेत ये म्हणून हाक मारली, "रा, तल्ली."

ती आली. खड्ड्यात उतरली, हुंगलं, आणि पुन्हा वर चढून दाराकडे गेली. लोक हसले. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघवेना.

"खडकाळ जमीन हाय ही," ते म्हणाले. "हिच्या पोटात ऊब न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते तल्लीला घेऊन पेठेत जायला निघाले. आमचे हे शाळामास्तर, त्यांनी वाट अडवली. "अहो, जिवाशी खेळ आहे हा. एका कुत्रीपायी?"

"मास्तर, तिला काय पिलेग समजतो व्हय? तिला थंडी समजती. म्हातारी हाय. हितं र्‍हायली तर मरंल की."

"आणि तिथे तुम्ही मराल."

त्यांनी तल्लीला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि चालू लागले.

मग हे एक दिवसाआड पेठेत भाकऱ्या पोचवायला जाऊ लागले. दाराबाहेर ठेवायच्या, लांबूनच हाक मारायची आणि परतायचं. परत आले की मला सांगायचे, सगळी पेठ सुनसान, कुत्रं-मांजर नाही, आणि त्या एका घरातून तेवढा मागाचा खटखट आवाज येतोय. पांघरणारं कुणी नव्हतं, घेणारं कुणी नव्हतं. तिला पायांशी बसता यावं म्हणून ते विणत होते. आम्हा दोघांना त्या आवाजाचा आधार वाटायचा, हे कबूल करते.

एका सकाळी हे गेले तर आवाज नव्हता. हाक मारली. आतून उत्तर आलं, "मास्तर, तितंच थांबा. गाठ आलीया."

हे म्हणाले, "दवाखान्याची गाडी घेऊन येतो."

"आणा की. पर आज नगा, उद्या आणा."

"उद्या कशाला?"

"आज ती लई सुखात हाय, मास्तर. माज्या अंगात ताप हाय न्हवं? पोटाशी घेतलंया तिला. असली ऊब तिला कदी मिळाली नव्हती. मागावर बसायची बी गरज न्हाई."

त्यांचं ऐकून हे थांबले मात्र नाहीत, तसेच दवाखान्यात गेले. पण तिथे रोग्यांची रीघ लागलेली होती. गाडी उद्या सकाळीच निघेल, असं सांगितलं. रात्री ह्यांनी भाकरी तशीच बाजूला सारली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते सांगता येत नाही.

सकाळी मी झोपडीबाहेर चुलीवर भाकऱ्या करत होते. गाडीला वाट दाखवायची म्हणून हे वहाणा चढवत होते. तेवढ्यात माळाच्या वाटेवरून काहीतरी अडखळत येताना दिसलं. ती तल्ली होती. जी त्या माळावर कधी टिकली नाही, ती आपल्या पायांनी, आंधळी, एवढं अंतर चालून आली होती. सरळ चुलीपाशी आली आणि जाळाच्या धगीला अंग देऊन उभी राहिली. थरथर कापत होती.

हे एक वहाण हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "गेले ते."

माळावर प्लेगच्या घरातून आलेलं जनावर कुणी उभं करत नसे. त्या दिवशी कुणी काठी उचलली नाही. मी तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीत आणखी दोन काटक्या सारल्या आणि तिला बसायला जागा करून दिली.