खारं वारं आणि माझं आर्थिंग

आमच्या धंद्यातले मित्र भेटले की कुठल्या बिल्डिंगचं काम केलं ते सांगतात. माझ्याकडे मात्र मान खाली घालायला लावणारे किस्सेच जास्त! स्क्रू-खिळ्यांच्या डब्यासारखं झालंय. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक दिवस उघडून बघावं तर काठोकाठ भरलेला.

आता विचाराल, म्हैसूरचा वायरिंग कॉन्ट्रॅक्टर समुद्रावर काय करत होता? म्हैसुरात नोकरी करणाऱ्या बऱ्याच लोकांची जुनी घरं घाटाखाली, किनाऱ्यावर. 'गावाकडच्या घराचं वायरिंग बदलून द्या' म्हणून एकाने नेलं, त्याचं बघून दुसऱ्याने. सोबत माझा मुख्य वायरमन मंजण्णा. हा घाटावरच्या सरगूरचा. तोवर त्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

*

पहिलं घर पै मास्तरांचं. गॅलरीतून लाटा दिसायच्या. मी म्हैसूरहून नेहमीचंच सामान नेलं होतं. लोखंडी बोर्ड, लोखंडी स्क्रू.

मंजण्णाने ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "सार, इथली हवा खारट लागतेय. हे सामान टिकेल?"

"तू हवा खायला आलायस की काम करायला?" मी म्हटलं. सगळे हसले. मला फार बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पोस्टाने एक पार्सल आलं. आत लोणच्याची बरणी, बरणीत लाल भुकटी, आणि पै मास्तरांच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी: 'आपले स्क्रू साभार परत.'

ते घर मी पुन्हा केलं. प्लास्टिकचे बोर्ड, पितळी स्क्रू, तांब्याचा प्रत्येक जोड सोल्डरने झाळून वर वॉर्निश. पण त्याआधी ती बरणी आमच्या काकांनी पाहिली. आमचं घराणं मूळ कापडं रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. काकांचं अर्धं आयुष्य रंगात मीठ घालून उकळणाऱ्या तांब्याच्या हंड्यांपाशी गेलेलं.

काका म्हणाले, "अय्यो! मीठ धातूला खातंय, हे रंगाऱ्याच्या पोराला समुद्रानं सांगायला पायजे होतं काय रे?"

*

होन्नावरजवळच्या एका घरात शारदाक्का म्हणून मालकीणबाई होत्या. त्या फ्रीज कधी हाताने उघडायच्या नाहीत. करवंटीच्या पळीचा लाकडी दांडा फटीत घालायच्या, दार ओढायच्या.

मला राहवलं नाही. त्यांना पाटावर बसवून मी भाषणच दिलं. तीन पिनांचा प्लग म्हणजे काय, तिसरी पिन कशासाठी, भीती कशी मनातली असते!

"अक्का, हे सायन्स आहे. हे बघा," म्हणून मी अनवाणी पायांनी पुढे झालो आणि फ्रीजवर हात ठेवला.

पुढचं मला आठवतं ते असं की मी खोवलेल्या नारळात बसलो होतो आणि मंजण्णा मेन स्विचकडे धावत होता. सॉकेटच्या मागे, उतरलेला करंट जमिनीत नेणारी आर्थिंगची तार होतीच कुठे? खाऱ्या दमट हवेने तिचा नुसता हिरवा चुरा झाला होता. टेस्टर माझ्या खिशात होता. तो लावून बघायला एक क्षण लागला असता.

शारदाक्कांनी मला पाणी दिलं. मग पळी पुढे केली आणि म्हणाल्या, "घे. तुझ्या सायन्सला लाकडाचा दांडा बसव!"

*

आणखी एक जुनं घर. सागवानी पट्ट्यांतलं वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज. मी आल्या आल्या एक पट्टी उचकटली आणि मालकांना ऐकवलं, "हे कुठल्या अडाण्याचं काम? सगळं काढून टाकू."

मालक शांतपणे म्हणाले, "वडिलांचं. ते इंजिनीअर होते. घर बांधलं तेव्हा स्वतः शिडीवर चढून केलं."

मी घाईघाईने एक जोड उघडला. झाळलेला, मेण लावून सुती फीत गुंडाळलेला. इतकी वर्षं समुद्रासमोर राहून आतलं तांबं नव्या नाण्यासारखं लाल! तारांवरचं रबर जुनं होऊन तडकलं होतं, म्हणून वायरिंग बदलावं लागलंच. पण काम चालू असेपर्यंत मी मालकांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. निघताना तो जोड मागायचा होता. न मागताच हत्यारांची पेटी उचलली.

*

हा किस्सा खुद्द म्हैसुरातला. किनाऱ्यावरच्या कामांमुळे माझं थोडं नाव झालं होतं. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये 'जुन्या घरांतील विजेची सुरक्षितता' यावर माझं व्याख्यान ठेवलं. मी शर्टाला इस्त्री करून गेलो. आर्थिंग, ट्रिपर, ओल्या भिंती, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आणि अध्यक्ष एकेक वाचू लागले.

"गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. तीन वर्षं सांगतेय, पण आमचे इलेक्ट्रिशियन 'उद्या बघतो' म्हणतात. काय करावं?"

मी माइक जवळ घेतला. "ताई, गीझर आजच बंद करा. आणि असला इलेक्ट्रिशियन आधी बदला!"

हॉल हसला. अध्यक्षांनी चिठ्ठी उलटी करून नाव-पत्ता वाचला आणि तेही हसायला लागले. "वसंतराव, अहो, ह्या तर आमच्या सुनंदावहिनी! विजयनगर... तुमच्याच घरचा गीझर की हो!"

तिसऱ्या रांगेत माझी बायको पदर सारखा करत बसली होती.

*

शेवटचा किस्सा शेणॉय पोस्टमास्तरांच्या घरचा. कुंदापूरच्या पुढे, समुद्रालगतच्या जांभ्या दगडाच्या टेकाडावर. नवराबायको दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढे. वायरिंग झालं, करंट गळला की वीज तोडणारा ट्रिपर बसला, राहिला तो आर्थिंगचा खड्डा. त्यातला पाइप चांगला नऊ फूट खोल न्यायचा होता. तीन फुटांवर जांभा लागला. पहार आपटली की ठिणगी उडायची. मला दुसऱ्या दिवशी म्हैसुरात मेहुणीच्या मुलीचं लग्न गाठायचं होतं.

मी म्हटलं, "पाइप काप. माती लोट, वर झाकण बसव. जमिनीखालचं कोण बघतंय?"

मंजण्णा पहार धरून उभाच राहिला. "सार, ह्याला आर्थिंग नाही म्हणत. हे कुंडीत झाड लावल्यासारखं झालं."

"कॉन्ट्रॅक्टर तू की मी?"

त्याने पाइप कापला. काम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याच्या कागदावर मी सही केली. शेणॉयबाईंनी वाटेत खायला फणसाचे पापड बांधून दिले. ते मी खाल्लेसुद्धा.

दोन वर्षांनी शेणॉयांचा फोन आला. "विहिरीच्या पंपाला करंट उतरला होता. तुम्ही दोघं लगेच या."

आणखी काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. सगळा घाट उतरताना मी मनातल्या मनात कबुली घोकत होतो. 'पोस्टमास्तर, चूक माझी.' मंजण्णा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता.

पोचलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या! शेजारपाजारचे जमलेले. ताटात शाल आणि नारळ. शेणॉयबाई धडधाकट, हसत उभ्या.

शेणॉय सगळ्यांना सांगू लागले, "ही ओल्या हाताने पंपाकडे निघाली होती. दोन पावलं राहिली आणि खटकन ट्रिपर पडला. लाइनमन येऊन तपासून गेला. म्हणाला, आर्थिंग इतकं पक्कं होतं म्हणून ही वाचली."

मी पुढे झालो. "पोस्टमास्तर, ते आर्थिंग मी..."

"माहीत आहे हो!" त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या मनाला चैन पडलं नाही. म्हणून तर पुढच्याच आठवड्यात ह्याला परत पाठवलंत. तीन दिवस एकटा जांभा फोडत होता बिचारा! जेवायला हाक मारली तर खड्ड्यातून म्हणाला, 'सारनी सांगितलंय, पूर्ण खोल गेल्याशिवाय वर यायचं नाही!'"

त्या आठवड्यात मंजण्णाने माझ्याकडून बेट्टदपूरच्या देवाला जायचंय म्हणून रजा घेतली होती.

मी वळून पाहिलं. तो पंपाचं झाकण उघडून आत डोकावत होता.

शेणॉयबाईंनी शाल माझ्या खांद्यावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ती शाल घेतली.