खुल्या जागेवर बाई

गौहर भित्री होती. आता भित्री म्हणजे किती, तर कुकरच्या शिट्टीला घाबरून जन्मभर पातेल्यात डाळ शिजवणारी. मोबाईल वाजला की आधी दचकायची, मग पदराला हात पुसायची, आणि उचलायला जाईपर्यंत पलीकडच्यानं कंटाळून ठेवून दिलेला असायचा. घोडेगावच्या बाजाराला जाणारी जनावरं तिच्या दारावरूनच जायची, म्हणून बाजाराच्या दिवशी बाई दारच उघडत नसे. तिचा नवरा गनीभाई म्हणायचा, "कैनातच्या अम्मी, तुला घाबरायला कारण लागतच नाही. तू नुसती बसून घाबरतेस."

हसू नका. घाबरणारी माणसं काय हौसेनं घाबरत नाहीत. गनीभाईची पंक्चरची टपरी होती, गावच्या फाट्यावर, ग्रामपंचायतीच्या जागेत. त्या टपरीवर घर चालायचं, लेकीचं शिक्षण चालायचं. कोण कधी येऊन "उचला हे" म्हणेल, याची धास्ती गौहरला लग्न होऊन आल्यापासून होती, आणि ती काही वेड्यासारखी धास्ती नव्हती.

अशी बाई ग्रामपंचायतीची सदस्य कशी झाली, असं तुम्ही विचाराल. विचाराच. त्यांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला होता आणि पॅनलला त्या गल्लीतली एक बाई पाहिजे होती. पॅनलमधली कडूबाई येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तू नुसती उभी ऱ्हा. बोलायचं काम माझ्याकडं." गौहर नाही म्हणायला घाबरली आणि निवडून आली. पुढं पाच वर्षं ती मीटिंगला दाराजवळ बसली, सांगतील तिथं सही केली, चहा प्याली आणि घरी गेली. तिचा आवाज जाड की बारीक, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

कडूबाई मात्र सरपंच झाली होती. सरपंचपद त्या खेपेला महिलेसाठी राखीव होतं, म्हणून आधीचे सरपंच आणि पॅनलचे पुढारी रामभाऊ, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, त्यांनीच तिला शोधून काढली. दोन म्हशी, गरीब नवरा, शिक्षण सातवी. दाखवू तिथं सही करील, असा तात्याचा अंदाज. तो साफ फसला. बाई सहीच्या आधी विचारायची, "हे कशापायी?" वरच्या वस्तीवर कधी नव्हे ते नळाचं पाणी पोचलं ते तिच्याच वेळेला, आणि तात्याच्या पोटात पाच वर्षं दुखत राहिलं.

आता मुदत संपली. नवी सोडत निघाली आणि सरपंचपद खुलं झालं. खुलं म्हणजे बाई-बाप्या कुणीही उभं राहावं. पण गावात खुलं म्हणजे बाप्याचं, असाच अर्थ लावतात. तात्यानंही लावला आणि नवा पांढरा सदरा शिवायला टाकला. तेवढ्यात कडूबाई म्हणाली, "मीबी इच्छुक हाय." झालं! एका पॅनलचे दोन उमेदवार उभे राहिले तर समोरचं पॅनल आयतंच निवडून येणार. तेव्हा पॅनलच्या माणसांनी रविवारी दुपारी खंडोबाच्या देवळात बसायचं आणि एक नाव पक्कं करायचं, असं ठरलं. तात्या आणि कडूबाई सोडून मत देणारे पाच जण. त्यात एक गौहर.

रविवारी सकाळीच तात्या टपरीवर आले. गाडीत हवा भरली, इकडचं तिकडचं बोलले. निघताना टपरीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करून म्हणाले, "गनीभाई, ही टपरी रस्त्यात येतीया म्हनं. तक्रार हाय कुनाची तरी. आपन हाय तवर काय न्हाई होनार म्हना." आणि हसून गाडीला किक मारली.

गनीभाई तसाच घरी आला. भाकरी थापणाऱ्या बायकोसमोर उकिडवा बसला. "तात्याचंच नाव घे," म्हणाला. "कडूबाई आपली हाय, मला कळतं. पण ती काय निवडून येत नसती खुल्या जागेवर. उगं आपण कशाला मरायचं?" "या अल्ला," एवढंच गौहर म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली.

दुपारी ती देवळाकडं निघाली. तिनं मनाशी ठरवलं होतं: 'तात्या' म्हणायचं, खाली बघायचं, घरी यायचं. दोन अक्षरांचं तर काम. वाटेत कडूबाई भेटली. "आलीस? चल," म्हणाली आणि पुढं झाली. मत कुणाला, हे तिनं विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं, असं गौहरला वाटलं. न विचारण्यानं तर तिला रडूच फुटायला आलं.

सभामंडपात सतरंजी टाकली होती. तात्याच्या डाव्या-उजव्या हाताला त्यांचे दोघे चुलतभाऊ. समोर योहान सर, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, चर्च उरकून सरळ आलेले. त्यांच्या बाजूला म्हाताऱ्या केशरबाई, वरच्या वस्तीवरच्या. गौहर दाराजवळ बसली, सवयीनं.

"एक काम करू," तात्या म्हणाले. "आधी भंडारा उचलू, मग नाव ठरवू. ज्याचं नाव निघंल त्याच्यामागं समद्यांनी ऱ्हायचं. मागनं फितुरी नको."

खरं म्हणजे रीत उलटी. आमच्याकडं आधी नाव ठरतं आणि मग खंडोबाची हळद, भंडारा, तळहातावर घेऊन शपथ होते. पण तात्याला कडूबाईला आधीच बांधून टाकायचं होतं. दोघे भाऊ खिशातच होते, योहान सर कुंपणावर आणि गौहर तर काय, डोळे वटारले की काम झालं. नाव आपलंच निघणार याची त्यांना पक्की खात्री. कडूबाईनं त्यांच्याकडं क्षणभर टक लावून पाहिलं आणि पहिला भंडारा तिनंच उचलला. मग तात्यानं, भावांनी, केशरबाईनं. योहान सरांनी पिशवीतलं बायबल काढून त्यावर हात ठेवला. गौहरसाठी पीरसाहेबांच्या दर्ग्यातली उदी, धुपाची राख, आणून ठेवली होती, ती तिनं मुठीत धरली. गावची ही पद्धत जुनी. ज्याचा त्याचा देव, शपथ एकच.

"आता बोला," तात्या म्हणाले.

पहिला भाऊ म्हणाला, "तात्या." दुसरा म्हणाला, "तात्या. अवो, बाईला राखीव जागा हुती तवा समोरबी बाईच हुती. आता समोर बाप्या येनार. लोक म्हनत्याल, यांच्यात गडी न्हाई का?"

"माझं मत कडूबाईला," केशरबाई म्हणाल्या. "मी सत्तरीला आले तवा माझ्या डोईवरचा हंडा उतरला. तो कुनी उतरवला ते तुमाला ठावं हाय."

योहान सरांनी चष्मा पुसला. "केशरबाई, कामाबद्दल वादच नाही. कडूबाईंसारखं काम कुणी केलं नाही, मी चारचौघांत सांगेन. पण प्रश्न निवडून येण्याचा आहे. तिकडं अमेरिकेत बघा. एवढा शिकलेला, पुढारलेला देश, पण अजून बाई राष्ट्राध्यक्ष झालेली नाही. तिथंसुद्धा पक्षातली माणसं हेच म्हणतात, की बाई लायक आहे हो, पण लोक मतं देतील का? मग आपल्या गावानं काय द्यावीत?"

"सर," कडूबाई म्हणाली, "अमेरिकेचं पानी आपल्या टाकीला येतं का?"

केशरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सरही हसले, पण मान हलवत राहिले. "मी शेवटी सांगतो. बाईला मतं कोण देणार, एवढं मला कुणीतरी पटवून द्या."

"मग गौहरभाभी," तात्या वळून म्हणाले. आवाज गोड, नजर मात्र तिच्यावर रोखलेली. "तुमी उरकून टाका."

गौहरची बोबडीच वळली. तोंड उघडलं, पण ते दोन अक्षरी नाव काही बाहेर पडेना. मुठीतली उदी घामानं भिजून गेली होती. शपथ हातात आणि तोंडात खोटं, हे तिच्यानं होईना. खोट्याचीही तिला भीतीच वाटत होती.

"मला... मला भ्या वाटतं," ती म्हणाली.

"कुनाचं?"

"तुमचं, तात्या."

तात्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थिजलं.

"सरांचंबी वाटतं. समद्यांचंच वाटतं," गौहर खाली बघून बोलत सुटली, आणि आता थांबायचीही तिला भीती वाटू लागली. "कैनातचं कॉलेजात नाव घालायचं हुतं, तवा तुमी सरपंच हुता. दाखल्याला आल्ते तुमच्याकडं. तुमी खुर्चीवर बसल्याले. 'काय गं?' म्हनलात. मी म्हनलं, काय न्हाई. आन् घरी गेले. परत आल्ते, परत तसंच. पोरीचं एक साल बुडालं. तुमी मला हाकललं न्हाई, तात्या. मलाच बोलता आलं न्हाई. घरी सांगितलं, कागद मिळत न्हाई म्हनून."

तिला धाप लागली.

"मग कडूबाई सरपंच झाली. गेले तवा म्हशीखाली बसल्याली. मी म्हनलं, काय न्हाई. ती म्हनली, 'काय न्हाई तर ही बादली धर.' बादली धरली आन् बोलले. त्याच दिशी दाखला मिळाला." तिनं पहिल्यांदाच मान वर केली, पण सरांकडं, तात्याकडं नाही. "सर, तुमी इचारता बाईला मतं कोन देनार. जे घाबरत्यात ते देनार. गावात लई हायेत तसली. तुमाला दिसत न्हाईत, कारन ती तुमच्या म्होरं बोलतच न्हाईत. 'काय न्हाई' म्हनून घरी जात्यात. मशीनवर बटन दाबताना मातर कोन बघत न्हाई."

आणि मग एकदम तिला आपण काय करून बसलो ते कळलं. ती सतरंजीवरून पुढं सरकली आणि तात्यासमोर हात जोडून म्हणाली, "एवढं बोलले म्हनून टपरी काढू नका हो, तात्या. पाया पडते. सकाळी आला तवापासनं आमच्या घरात कुनी जेवलं न्हाई."

बास. आता बोला!

धीटपणानं सांगायचं ठरवलं असतं तर हे तिनं कधीच सांगितलं नसतं. पार घाबरली म्हणून तोंडून निघून गेलं. योहान सरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. "कसली टपरी?" त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, "काय न्हाई." आणि आपण कुठला शब्द बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी सगळी मतं मोजत होतो. न बोलणाऱ्यांची मोजायची राहिली. माझं मत कडूबाईंना." दोनाला तीन झाले.

तात्या उठायला निघाले आणि अर्धे उठून परत बसले. भंडारा उचलला होता ना! जगात कुणाला न भिणारा माणूस, पण खंडोबाला भ्यायचा. त्यांनी पिवळा तळहात नव्या सदऱ्याला पुसला आणि तिथं ठळक डाग पडला. "टपरीला कोन हात लावतंय," ते भिंतीकडं बघून म्हणाले. "कडूबाईच उमेदवार. मी हाय मागं." गौहरचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. बसावा तरी का?

बाहेर उन्हं उतरली होती. फाट्यापर्यंत दोघी एकाच वाटेनं निघाल्या. कडूबाई नेहमी दहा पावलं पुढं चालायची, आज मागं रेंगाळत होती. गौहरच्या मनात एकच घोळत होतं: आता नवऱ्याला काय सांगायचं? टपरी लांबून दिसायला लागली. गनीभाई दारात उभा राहून वाट बघत होता.

तेवढ्यात कडूबाईनं तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार. गौहरला वाटलं, आपलाच असेल. नीट पाहिलं तर तो कडूबाईचा होता.

"लई भ्या वाटतंय गं," कडूबाई हळूच म्हणाली.

"तुला?"

"मला न्हाई तर कुनाला? मगाशी जीभ चालवली, ती बसून होते म्हनून. उभी असते तर पडले असते. राखीव जागेवर हारले असते तर एक बाई हारली असती. आता पडले तर पुना ह्या गावात खुल्या जागेवर कंच्या बाईचं नावसुदिक कुनी घ्यायचं न्हाई. आपल्या लेकींचंबी न्हाई."

पाच वर्षं जिच्या जिवावर गौहर दाराजवळ का होईना बसली होती, ती बाई भर रस्त्यात तिचा आधार शोधत होती. समोरून जनावरांचा टेम्पो आला. रोजची गौहर असती तर कुणाच्या तरी अंगणात पळाली असती. आज ती जागची हलली नाही, कारण हात कडूबाईच्या हातात होता.

"वाटू दे," ती म्हणाली. "मी हाय की."

आणि असं बोलून गेल्यावर तिला इतकी भीती वाटली, की तिनं कडूबाईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तसाच धरून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.