सेक्रेटरींचे पेढे

हलगीवरच्या माझ्या संशोधनाला लोकसंगीताच्या अभ्यासाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पेढे घेऊन आले. मला तिथंच शंका आली. पुण्यात पेढे उगाच येत नाहीत. एरवी मी घरात हलगी वाजवून ताल तपासायला बसलो, की हेच गृहस्थ हलगीपेक्षा जोरात माझं दार बडवायचे. आज मात्र त्यांनी चहा घेतला, सोसायटीचं नाव झालं म्हणाले. मी वाट बघत बसलो. शेवटी चपला घालताना त्यांनी विचारलंच, "अहो, म्हणजे आता आपला अभ्यास पूर्ण झाला ना?"

हलगी तापवल्याशिवाय खणखणीत वाजत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.