यंत्राच्या खोलीबाहेरचे बूट

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथली सगळ्यात नवी प्रोग्रामर होते. मशीन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच कॉम्प्युटर, काचेच्या थंड खोलीत असे. धूळ जाऊ नये म्हणून चपला-बूट बाहेर काढूनच आत जायचं. माझी खुर्ची त्या दाराशी होती, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नको होती.

हॉलमध्ये त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर बसून बायका एका जहाज कंपनीचे कागद टाइप करत. त्यांतल्या एकीला सगळे ताई म्हणत. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरी बसलेला, घर तिच्या पगारावर. तिच्याकडे मालाच्या नोंदी होत्या. त्यात दर ओळीला मशीनला मालाचे आणि बंदरांचे कोड शोधावे लागत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मला ती 'कॉन्व्हेंट' म्हणे.

जेवणानंतर टर्मिनलं अडायची. ताईने एंटर दाबलं की पुढचा स्क्रीन येईपर्यंत तिची वेणी घालून होई. ऑफिस चालवणाऱ्या साहेबांना वेणी दिसली, अडलेला स्क्रीन दिसला नाही.

"जेवून बायकांना सुस्ती येते," ते म्हणाले. "महिनाअखेरीला जिचं काम सगळ्यात कमी, तिला थांबवावं लागेल."

सगळ्यात कमी ताईचंच होतं.

डिस्कवरून वाचलेला मजकूर मशीन काही वेळ मेमरीत हाताशी ठेवतं. त्या राखीव जागेला कॅश म्हणतात. ती कमी पडत असेल, असं म्हणून मशीन पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर ती वाढवून गेला. पण एकूण मेमरीच तुटपुंजी होती. कॅशने जास्त जागा घेतल्यावर टायपिंगच्या प्रोग्रामलाच जागा उरेना. मशीन त्यालाच डिस्कवर नेऊन ठेवी आणि लागला की परत आणी.

"डॉक्टर येऊन गेला आणि पेशंटची आणखी वाट लागली," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॅश पुन्हा पूर्वीएवढी करावी लागली.

मान खाली घालून बसायची सवय असल्याने मला माणसांच्या आधी त्यांची पादत्राणं ओळखू येत. साहेबांचे तपकिरी बूट दाराशी दिसले की थोड्याच वेळात हॉलमधलं टायपिंग थंडावे, हे माझ्या लक्षात यायला लागलं. बूट गेले की हळूहळू सगळं सुरळीत होई. एके दिवशी बूट सकाळीच आले, आणि त्या दिवशी सकाळ अडली.

काचेतून मी साहेबांसमोरचा स्क्रीन पाहिला. कोणत्या बाईने किती नोंदी केल्या ते मोजायला साहेब डिस्कवरच्या सगळ्या फाइली, अगदी जुन्या वर्षांच्यासुद्धा, पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत होते. एकदाच लागणारा तो सगळा मजकूर कॅशमध्ये शिरे आणि सतत लागणारे कोड बाहेर पडत. ते पुन्हा आणायला डिस्क मोकळी नसे. बायका हळू आहेत का हे तपासण्यामुळेच त्या हळू होत होत्या.

आधी मी ताईला सांगितलं. "समज, ओट्यावर तुझा मिसळणाचा डबा आहे. कोणीतरी माळ्यावरचं एकेक भांडं मोजायला ओट्यावर काढतं, आणि जागा नाही म्हणून तुझा डबा माळ्यावर टाकतं. मग दर फोडणीला तू शिडी चढतेस."

"मग मोजणाऱ्याला सांग ना. मी बोलले तर कामचुकार ठरेन."

मी केबिनमध्ये गेले. सगळं इंग्रजीत जुळवून नेलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "सर, आज दुपारी मशीनकडे जाऊ नका."

"माझ्याच मशीनकडे?"

"फक्त आज. मोजणी सहानंतर करा."

मग मी कारण सांगितलं. ते पेनाचं टोपण उघड-बंद करत ऐकत राहिले.

"म्हणजे मशीन मी अडवतो?"

"तुमचा प्रोग्राम, सर."

त्या दुपारी ते केबिनमध्येच बसले. हॉलमधला टायपिंगचा आवाज चहापर्यंत थांबला नाही. संध्याकाळी, बायका निघाल्यावर, त्यांनी त्या दिवसाचं काम मोजलं. ताई बाकीच्यांच्या बरोबरीला आली होती.

महिनाअखेरीला कोणालाच थांबवलं नाही. मोजणीही सहानंतरच होऊ लागली. दाराशी बूट दिसले की ताई टर्मिनल बंद करून पर्स उचले.

"आले बूट. चल गं, कॉन्व्हेंट."