टाकलेल्या गाठी

माझी आत्या घरात कोणाच्या ताटात किडका दाणा पडू देत नाही. तांदूळ निवडायला बसली की नाक परातीला लागायचं बाकी राहतं. मी शाळा सोडली तेव्हा अख्ख्या नात्यागोत्याने मला किडक्यात काढलं, हिने तेवढं ठेवून घेतलं. म्हणून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझं डोकं फिरतं.

ती एका प्रयोगशाळेत काचसामान धुते. तिथे सगळ्यांची ती मावशी. तिथली एक पोरगी रानातल्या शेंगांच्या झाडांवर अभ्यास करते. या झाडांच्या मुळांना बारीक गाठी येतात, गाठीत जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र झाडाला देतात, झाड त्यांना पोसतं. घरजावईच म्हणा, पण कामसू. रानात हे किती वेगवेगळ्या कुळांचे असतात, ते पोरीला शोधायचं होतं. टेकडीवरून, ओढ्याकाठून तिने मुळं आणली आणि आत्याला सांगितलं, गाठी तोडून धुऊन द्या.

आत्याने दिल्या. अगदी मन लावून.

तपासणीत प्रत्येक जिवाणूच्या जनुकांचे पट्टे उमटतात म्हणे. ते सगळे एकसारखे निघाले. टेकडी काय नि ओढा काय, एकाच आईची लेकरं. पोरीच्या सरांनी तिला चारचौघांत झापलं, की जिवाणू उचलायची एकच सुई न भाजता सगळीकडे बुडवली असशील, वर्ष मातीत घातलंस. पोरगी जिन्यात रडत बसली. आत्या जिना पुसायला गेली तर पोरगी म्हणाली, "मावशी, मी दरवेळी सुई भाजली हो."

आत्या घरी आली. चहा समोर गार झाला.

"बारक्या पांढुरक्या गाठी मी टाकून दिल्या गं," शेवटी ती म्हणाली. "किडक्या वाटल्या. टपोऱ्या गुलाबी तेवढ्या दिल्या. म्हटलं, पोरीला चांगलं मिळू दे."

म्हणजे बाकीची कुळं त्या गाठींबरोबर कचऱ्यात गेली होती. मी तिला सरळ सांगितलं, तोंड उघडू नकोस, कोणाला कळणार आहे? पोरगी शिकलेली आहे, निस्तरेल.

"तिने खोटं पडायचं आणि मी जेवायचं?" आत्या म्हणाली.

सकाळी मीही सोबत गेले. कोणी आवाज चढवला असता तर मी ऐकून घेतलं नसतं. पण सर ओरडलेच नाहीत. एवढंच म्हणाले, "मावशी, विचारलं का नाहीत?" आत्या ओले नसलेले हात पुसत राहिली. पोरगी मध्ये पडली, चूक माझीच, सगळ्या द्या असं मी सांगायला हवं होतं. आत्याला तेच जास्त लागलं. रानातली झाडं तोवर वाळली होती. पुन्हा उगवेपर्यंत थांबणं आलं.

तोवर आत्या मागच्या दाराने कामाला जायची, पोरगी समोर येऊ नये म्हणून. रान हिरवं झालं तशी पोरगीच मुळांचं घमेलं घेऊन मोरीपाशी आली.

आत्या आता सगळ्या गाठी देते, टाचणीच्या डोक्याएवढ्यासुद्धा. तरी पांढुरकी दिसली की बोट आपोआप तिला बाजूला सारतं. मग ती चोरासारखी इकडेतिकडे बघते आणि गाठ परत बशीत ठेवते.

घरचे तांदूळ तिने माझ्याकडे सोपवलेत. मला कुठे येतंय ते? परवा तिच्या दाताखाली खडा आला. काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि खाली मान घालून जेवत राहिली.